शेक, राख आणि चार बेकरेल

(वैराग, ता. बार्शी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजींच्या प्रतिमेला मघाशी आपण हार घातला, समई लावली, हळद-कुंकू वाहिलं. त्याला आता दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. माझ्या उजव्या हाताच्या या बोटाला हळद लागली होती. मी ती रुमालाला पुसली आणि विसरून गेलो. आता बघा. माइकच्या दांडीवर पिवळा ठसा आहे. चष्म्याच्या काडीवर आहे. टिपणाच्या पहिल्या कागदाच्या कोपऱ्यावर आहे. पाण्याच्या ग्लासावर आहे, म्हणजे घोट घेताना ओठालाही लागली असणार. अध्यक्षांनी नारळ देताना माझा हात हातात घेतला, तेव्हा त्यांच्या तळव्यालाही गेली असेल. चिमूटभर हळद, पाव तास, आणि एवढा प्रवास.

हळद दिसते, म्हणून आपण हात धुतो. पण अशी एखादी धूळ असेल की जी दिसत नाही, जिला वास नाही, चव नाही, लागल्याची जाणीवसुद्धा होत नाही, तर? ती हातावर आहे हे कळणार कसं? किती असली तर चालेल? आणि 'चालेल' हे कुणी ठरवायचं? माझी सगळी नोकरी या तीन प्रश्नांत गेली. किरणोत्सारी पदार्थ जिथे हाताळतात तिथलं टेबल, जमीन, हात, चपला यांच्यावर तो किती लागलेला आहे हे मोजायचं आणि तो मर्यादेत ठेवायचा, हे माझं काम.

विषय ऐकून काहींनी विचारलं की वैरागमध्ये हे कशाला? इथे अणुभट्टी नाही, प्रयोगशाळा नाही. इथे ज्वारी आहे, तूर आहे, ऊस आहे, द्राक्षबागा आहेत. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या तालुक्याच्या गावी आहे. भगवंताच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भारतातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांत गावोगाव फिरून रुग्णांची नोंद करण्याचं ते काम. देशातल्या खेड्यांमध्ये कर्करोग किती आणि कोणता, हे जगाला कळलं ते आधी आपल्या भागावरून. या सभागृहात किती घरं अशी असतील की ज्यांच्यापैकी कुणाला तरी 'शेक' घ्यावा लागला? किती जण मुंबईला 'टाटाला' जाऊन आलेत? मग हा विषय आपला नाही असं कसं म्हणायचं?

आज मी चार गोष्टी सांगणार आहे. शेक आणि राख यांतला फरक. मर्यादेचा जन्म. त्या मर्यादेचा अर्थ आणि ती पाळण्याची रीत. आणि शेवटी, ती मर्यादा नेमकी कुणासाठी आहे.

पहिली गोष्ट, शेक आणि राख.

किरणोपचारासाठीचा 'शेक' हा शब्द पुस्तकातला नाही. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या आपल्या माणसांनी तो रुजवला आहे, आणि तो फार नेमका आहे. चुलीपुढे बसलं की शेक लागतो. चूल विझली किंवा तुम्ही उठून गेलात की शेक थांबतो. तुम्ही काही चूल होत नाही. पण त्याच चुलीतली राख हाताला लागली तर? ती तुमच्याबरोबर उठते. पदराला लागते, भाकरीला लागते, कडेवरच्या लेकराच्या गालाला लागते. शेक जागच्या जागी राहतो, राख फिरते.

किरणोत्साराचंही तसंच आहे. यंत्रातून बाहेरून दिलेले किरण म्हणजे शेक. कोबाल्टच्या यंत्रात किरणोत्सारी धातू पोलादी डबीत सीलबंद असतो. डबी शाबूत आहे तोवर त्याचा कणही बाहेर येत नाही, येतात ते फक्त किरण. आणि द्रवात, भुकटीत किंवा वायूत उघडा असलेला किरणोत्सारी पदार्थ म्हणजे राख. तो टेबलावर सांडतो, हातमोज्याला लागतो, चपलेबरोबर चालतो. कामगार त्याला 'कंटॅमिनेशन' म्हणतात. मी 'माखणं' म्हणतो. आजचा सगळा विषय माखण्याचा आहे, शेकण्याचा नाही.

हा फरक इतका घोळून का सांगतोय? कारण तो न कळल्यामुळे आपल्या घरांत माणसं दुखावली जातात. बाई महिनाभर शेक घेऊन घरी येते. तिचं ताट वेगळं निघतं. तांब्या वेगळा होतो. नातवंडाला हळूच मागे ओढलं जातं. कुणी वाईट बोलत नाही, पण तिला सगळं कळतं. माझं स्पष्ट म्हणणं ऐका. यंत्राने बाहेरून शेक घेतलेला माणूस किरणोत्सारी होत नाही. त्याच्या अंगात काही उरत नाही. त्याच्या श्वासात नाही, घामात नाही, उष्ट्यात नाही.

मग आत औषध दिलेल्यांचं काय? गळ्याजवळच्या थायरॉइड ग्रंथीच्या काही आजारांत आयोडीन-१३१ पाजतात किंवा त्याची गोळी देतात. मुंबईत परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे. हे उपचार आपल्याकडे तिथून वाढले. हा रुग्ण मात्र काही दिवस खरोखर 'राख' बाळगून असतो. त्याच्या थुंकीत, घामात, लघवीत आयोडीन असतं. म्हणून मोठी मात्रा दिली तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी सोडताना टॉवेल वेगळा ठेवा, शौचालयात दोनदा पाणी सोडा, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून अमुक दिवस लांब राहा, असं सांगतात. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, शिवाय शरीर ते बाहेर टाकत राहतं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरले की विषय संपला.

आपल्या समाजाने माणसाला माणसापासून दूर ठेवण्याचे नियम शतकानुशतकं पाळले. ते जन्मावर ठरत, जातीवर ठरत, बाईच्या महिन्याच्या चार दिवसांवर ठरत, आणि त्यांना मोजमाप नव्हतं. विज्ञानातलं दूर ठेवणं मोजून सुरू होतं आणि मोजून संपतं. ज्याला मोजता येत नाही त्याला दूर ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझ्या मते मर्यादा या कल्पनेतली ही सर्वांत मोठी माणुसकी आहे.

आता दुसरी गोष्ट. ही मर्यादा आली कुठून?

उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर ट्रॉलीमागे जे लाल चमकतं त्याला आपण काय म्हणतो? रेडियम. चौकाचौकात पाट्या असतात, 'रेडियम लावून मिळेल'. त्या पट्टीत रेडियम अजिबात नसतं, ती नुसती उजेड परत फेकते. मग हे नाव आलं कुठून? आलं ते एका खऱ्या रेडियमकडून, आणि त्या रेडियममागे काही मुलींचे जीव आहेत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अंधारात दिसणारी घड्याळं हवी होती. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात, १९१७च्या सुमारास एका कारखान्यात तबकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावायचं काम सुरू झालं. कामाला होत्या तरुण मुली, बऱ्याचशा विशीच्या आतबाहेरच्या. मजुरी नगावर. आकडे बारीक, त्यामुळे कुंचल्याला टोक हवं. मग टोक कसं काढायचं? ओठांत धरून. दर काही आकड्यांनी कुंचला ओठांत, रंगात, तबकडीवर, पुन्हा ओठांत. दिवसभर, वर्षानुवर्षं.

रेडियमचा स्वभाव कॅल्शियमसारखा. ते गेलं हाडांत आणि तिथेच बसलं. आधी दात पडले. मग हिरड्या भरेनात, जबड्याची हाडं कुजली. काहींना हाडांचे कर्करोग झाले. पाच जणी न्यायालयात गेल्या. त्यांतल्या काहींना साक्षीला उभं राहून शपथेसाठी हात वर करण्याचंही बळ उरलं नव्हतं. १९२८ साली तडजोड झाली. पुढे याच स्त्रियांच्या शरीरांवरून मोजमाप झालं आणि १९४१मध्ये अमेरिकेने ठरवलं की माणसाच्या शरीरात रेडियम ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग. ही आकडेवारी कुणा विद्वानाच्या टेबलावर जन्मली नाही. ती त्या मुलींच्या हाडांतून निघाली आहे.

इथे एक अडचण आली. शरीरात किती आहे याची मर्यादा ठरली, पण रोज संध्याकाळी प्रत्येक कामगाराच्या शरीरात डोकावायचं कसं? आणि आत गेल्यावर कळून उपयोग काय? मग असा विचार पुढे आला की जे उद्या तोंडात जाणार आहे ते आज टेबलावर आहे. टेबल मोजा. जमीन मोजा. हात मोजा. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये डन्स्टर नावाच्या तज्ज्ञाने ही गणितं बसवली आणि पृष्ठभागासाठीचे आकडे तयार झाले.

तिसरी गोष्ट, हे आकडे काय आहेत आणि ते पाळतात कसे.

बेकरेल हे एक माप आहे. सेकंदाला एक अणुगर्भ फुटला की एक बेकरेल. आज जगभर, भारतातही, किरणोत्सारी माल वाहून नेताना त्याच्या पेटीच्या बाहेरच्या अंगावर पुसून निघणारा पदार्थ किती चालेल? बीटा आणि गॅमा किरण देणारा असेल तर चौरस सेंटिमीटरला ४ बेकरेल. अल्फा देणारा, जास्त विषारी असेल तर त्याचा दहावा हिस्सा, ०.४ बेकरेल. हा ४ आला कुठून? जुन्या काळी माप होतं क्युरी. एका मायक्रोक्युरीचे ३७,००० बेकरेल होतात. डन्स्टरच्या काळचा आकडा होता एका मायक्रोक्युरीचा दहा हजारावा भाग, म्हणजे ३.७ बेकरेल. तोच गोल होऊन ४ झाला. कामाच्या जागांचे आकडे पदार्थ कोणता, खोली कोणती यावरून बदलतात, पण सगळी घराणी याच मुळाची.

आता विचारा, चारच का? तीन वाटा मोजल्या आहेत. पहिली तोंडाची. हाताला लागलेलं न कळत तोंडात जातं. दुसरी नाकाची. चालताना, झाडताना धूळ उडते आणि श्वासात जाते. कामगार तासाला सुमारे १.२ घनमीटर हवा ओढतो. वर्षाचे कामाचे तास २,००० धरले तर २,४०० घनमीटर हवा. तिसरी कातडीची, म्हणजे अंगावर बसून तिथेच किरण सोडणारी. तिन्ही वाटांनी वर्षभरात किती मात्रा लागेल याचा हिशेब मांडायचा आणि जी वाट सर्वांत कडक निघेल तिचा आकडा धरायचा. वळणावर गाडी किती वेगाने न्यायची हे सर्वांत कच्च्या टायरवरून ठरवावं, तसं.

अल्फाला दहापट कडक का? अल्फा कण आपल्या कातडीचा वरचा मेलेला थरही ओलांडू शकत नाही. बाहेर असताना तो गरीब. पण पोटात किंवा फुप्फुसात शिरला की मध्ये कातडी नाही, सगळा मार जिवंत पेशींना. ऑरेंजच्या मुलींना मारलं ते मुख्यतः अल्फानेच.

आणि ४ बेकरेल म्हणजे फार का? आपल्या प्रत्येकाच्या शरीरात निसर्गतः पोटॅशियम असतं, त्याचा एक छोटा भाग किरणोत्सारी असतो. मोठ्या माणसाच्या अंगात त्याचे सुमारे ४,००० बेकरेल असतात. या क्षणी, या खुर्च्यांवर, तुमच्या-माझ्या आत. म्हणजे ४ हा आकडा घाबरवण्यासाठी नाही. तिथवर आलं की जागं व्हायचं, कापड उचलायचं, कुठून सांडलं ते शोधायचं. मर्यादेच्या अलीकडे सगळं सुरक्षित आणि पलीकडे मरण, अशी ती रेघ नाही. आणि मर्यादेपर्यंत घाण करायची परवानगी तर ती मुळीच नाही. नियम असा आहे की जितकं कमी ठेवता येईल तितकं कमी ठेवा. शरीराला लागणारी किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. आपल्याकडे कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३०च्या वर नाही आणि सामान्य नागरिकाची वर्षाला १. ही मर्यादा पाळली जाते की नाही ते पाहणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे.

पाळतात कसं ते आता दाखवतो. हा माझ्या खिशातला गोल गाळणकागद, जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा. टेबलावर दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद असा चौकोन मनात आखायचा. शंभर चौरस सेंटिमीटर. कागदावर बेताचा दाब देऊन सगळा चौकोन पुसायचा. असा. बघा, कागद पिवळा झाला! मी रुमालाला हात पुसून टेबल स्वच्छ आहे असं समजत होतो. हाच स्वाइप.

आता हिशेब. चौकोनावर मर्यादेइतकं माखलेलं असेल तर एकूण ४०० बेकरेल. कागदावर सगळं येत नाही, दहावा हिस्सा येतो असं धरतात. म्हणजे ४०. मोजणीयंत्रालाही सगळं दिसत नाही. समजा चारांतलं एक दिसतं, तर सेकंदाला १०, मिनिटाला ६०० ठोके. खोलीत कुणी नसतानाही यंत्रावर जे ठोके पडतात ते निसर्गाचे, ते वजा करायचे. सातवी-आठवीच्या मुलाला येईल एवढंच गणित. यात अवघड काय आहे? अवघड आहे ते रोज करणं. तीनशे दिवस काही सापडत नाही आणि तीनशे एकाव्या दिवशीही तोच चौकोन तेवढ्याच काळजीने पुसणं, हे अवघड.

खोलीची बांधणीही माखण्याचा विचार करून होते. आपल्या घरात शहाबादी फरशी असते. दोन फरश्यांच्या सांध्यात काय काय साठतं ते झाडणाऱ्या बाईला विचारा. म्हणून या खोल्यांत जमीन अखंड, सांधा नाही, भिंत आणि जमीन मिळते तिथे कोपरा गोल. टेबलावर कडा उचललेले ट्रे, त्यात शोषणारा कागद. आत जाण्याआधी चपला बदलायच्या, बाहेर येताना यंत्रात हात आणि पाय दोन्ही मोजायचे. आत खायचं नाही, प्यायचं नाही, तंबाखू नाही, ओठांना काही लावायचं नाही. सांडलं तर बाहेरून आत पुसायचं, आतून बाहेर पुसलं तर डाग पसरतो. हाताला लागलं तर कोमट पाणी आणि साबण, हलक्या हाताने, दोन-चार वेळा. वजरीने घासायचं नाही, काथ्या वापरायचा नाही. कातडी सोलली की बाहेरची राख आत शिरते.

कधी कधी सर्वांत चांगला झाडू म्हणजे घड्याळ. हृदयाच्या, हाडांच्या तपासण्यांत टेक्नेशियम वापरतात. ते सहा तासांनी निम्मं होतं. सांडलं तर जागा झाका, खोलीला कुलूप लावा. दुसऱ्या दिवशी सोळावा हिस्सा उरतो, तिसऱ्या दिवशी दोनशे छप्पन्नावा. सीझियम सांडलं तर मात्र कुलपाचा उपयोग नाही. ते निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ही मर्यादा कुणासाठी?

फार वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी नव्या लोकांना स्वाइप शिकवत होतो. डॉक्टर होते, तंत्रज्ञ होते. दाराशी फरशी पुसणारी मावशी उभी होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. सगळं संपल्यावर तिने मला विचारलं की जमीन मोजता, टेबल मोजता, मग माझं पोछ्याचं फडकं आणि बादली कधी मोजणार? मी थांबलो. तोवर कुणीही ते मोजलेलं नव्हतं. आम्ही त्याच दुपारी मोजलं. सुदैवाने फडकं स्वच्छ निघालं, पण त्या दिवसापासून माझ्या यादीत पहिली ओळ फडक्याची झाली. खोलीतलं सगळं माखणं शेवटी ज्याच्या हाताखाली जातं, त्याला त्या खोलीतलं सर्वांत कमी सांगितलेलं असतं.

जगातले मोठे अपघात हेच सांगतात. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात एक रुग्णालय जागा बदलून गेलं आणि शेक देण्याचं जुनं यंत्र मागे सोडून गेलं. सप्टेंबर १९८७मध्ये दोघांनी ते भंगार म्हणून उचललं. आतली डबी फुटली. भुकटी होती सीझियमची, अंधारात निळी चमकणारी. भंगारवाल्याने कौतुकाने नातेवाइकांना वाटली. सहा वर्षांची एक मुलगी तिच्याशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली. ती गेली. एकूण चार माणसं गेली. एक लाखाहून जास्त लोकांना तपासावं लागलं, २४९ जण माखलेले निघाले. जोवर डबी बंद होती तोवर तो शेक होता. डबी फुटली त्या क्षणी ती राख झाली, आणि राखेने शहर गाठलं. आणि हे कळलं कुणाला आधी? भंगारवाल्याच्या बायकोला. घरातली सगळी आजारी पडताहेत ती या चमकत्या वस्तूमुळे, हे तिने ताडलं आणि ती वस्तू पिशवीत घालून सरकारी आरोग्य कार्यालयात नेली. तिच्यामुळे शहर वाचलं. ती वाचली नाही.

आपल्या देशात २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच झालं. विद्यापीठातलं जुनं कोबाल्टचं उपकरण लिलावात भंगारात गेलं, कापलं गेलं. एका कामगाराचा जीव गेला, अनेक जण रुग्णालयात पडले. त्याच्या दोन वर्षं आधी, २००८मध्ये, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. पोलाद भारतातून गेलेलं, आणि माग आला आपल्या महाराष्ट्रातल्या एका फाउंड्रीपर्यंत. भंगारात कुठेतरी एक डबी वितळली होती. दूरच्या देशातल्या कारखान्यात बटणं जोडणाऱ्या वीसेक कामगारांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट मात्रा लागली.

या प्रत्येक अपघातात आकडे पुस्तकात होते. मर्यादा ठरलेली होती. नव्हतं ते काय? शेवटच्या हातापर्यंत पोचलेलं ज्ञान. कुंचला ओठांत धरणारी मुलगी, फडकं पिळणारी मावशी, छिन्नी चालवणारा भंगारवाला. मर्यादा यांच्यासाठी आहे. यांना ठाऊक नसेल तर ४ काय आणि ४०० काय, तो आकडा नियमावलीत छापलेला राहतो.

आणि मित्रहो, हे फक्त किरणोत्साराचं नाही. आपल्या द्राक्षबागेत फवारणी चालते. दुपारी पंप खाली ठेवला की माणूस काय करतो? चुना-तंबाखूची डबी काढतो. तळहातावर मळतो, चिमूट ओठात धरतो. मला त्या वेळी ऑरेंज गाव दिसतं. तेच बोट, तोच ओठ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. न दिसणाऱ्या वस्तूंची वाट सगळीकडे सारखीच असते. हात, तोंड, श्वास, कातडी. म्हणून सवयही एकच हवी.

थोडक्यात सांगतो, म्हणजे घरी जाताना बरोबर राहील. शेक राहतो, राख फिरते. मर्यादा माणसांच्या सोसण्यातून आली आहे, म्हणून तिचा मान ठेवायचा. ती रोजच्या रोज कागदाने पुसून, मोजून पाळायची असते. आणि ती सर्वांत आधी त्याला सांगायची, ज्याच्या हाताखालून ती घाण जाते.

आता तीन विनंत्या. पहिली इथल्या भंगार घेणाऱ्या आणि वेल्डिंग करणाऱ्या भावांना. आकाराच्या मानाने फार जड अशी शिशाची किंवा पोलादाची वस्तू आली आणि तिच्यावर पंख्याच्या तीन पात्यांसारखी खूण दिसली, तर ती कापू नका, उघडू नका, घरी नेऊ नका. लांब व्हा, इतरांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. दुसरी विनंती बागायतदारांना. फवारणीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तुमचा मजूर डबी उघडणार नाही, एवढं बघा. बांधावर साबण आणि पाण्याची घागर तुम्ही ठेवा, तो खर्च त्याचा नाही.

तिसरी विनंती सगळ्यांना, विशेषतः घरातल्या कर्त्या बायकांना. बार्शीहून, सोलापूरहून, मुंबईहून तुमचं माणूस यंत्राचा शेक घेऊन घरी येईल. थकलेलं असेल, अन्नावर वासना नसेल. त्याचं ताट वेगळं काढू नका. नातवंडाला त्याच्या मांडीवर बसू द्या. तुमच्याच पंगतीत त्याला वाढा. त्याच्या अंगावरून माझा हा कागद मी कितीही वेळा फिरवला, तरी त्यावर मोजण्यासारखं काही येणार नाही.